आज्ञा एकच, यंत्रणा वेगळी : स्विचवरील ऑपरेटिंग सिस्टिमची पारख

संगणक नेटवर्कच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तुम्हाला स्विचवर एक व्हीलॅन तयार करायला सांगतात. तुम्ही कन्सोल उघडता, 'एनेबल' लिहिता, मग 'कॉन्फिगर टर्मिनल', मग व्हीलॅनचा क्रमांक. पोर्ट त्यात टाकता आणि पूर्ण गुण मिळवता. पण तोंडी परीक्षेत कोणी विचारले, की तुम्ही लिहिलेली ती ओळ नेमकी कुठे गेली, कोणत्या प्रोसेसने ती वाचली, आणि ती प्रोसेस आत्ता बंद पडली तर पोर्टवरची वाहतूक थांबेल का, तर बहुतेक विद्यार्थी गप्प होतात. यात तुमच्यापेक्षा अभ्यासक्रमाचा दोष मोठा आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात तुम्ही प्रोसेस, शेड्यूलिंग आणि मेमरीचे संरक्षण शिकता. नेटवर्कच्या पेपरात तुम्ही फ्रेम, पॅकेट आणि राउटिंग शिकता. स्विच हा या दोन्ही पेपरांचा विषय असल्यामुळे तो कोणत्याच पेपरात नीट येत नाही.

या टिपणात आपण स्विचवर चालणाऱ्या काही प्रमुख ऑपरेटिंग सिस्टिमची पारख करणार आहोत. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. अशा सिस्टिमची प्रत तिच्या आज्ञांवरून ठरत नाही. नेटवर्कची स्थिती ती कुठे सांभाळते आणि तिचा एखादा भाग कोसळल्यावर मागे काय उरते, यावरून ती ठरते.

१. स्विचला ऑपरेटिंग सिस्टिम कशासाठी?

जबलपूरच्या गोरखपूर बाजारात, किंवा तुमच्या गावच्या कोणत्याही बाजारपेठेत, दुकानातल्या टेबलाखाली पाच किंवा आठ पोर्टांचा एक छोटा स्विच सापडतो. त्याला लॉगिन नसते, कन्सोल नसते. वीज दिली की तो चालू होतो. फ्रेम आली की तो पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता तक्त्यात नोंदवतो, घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात शोधतो आणि फ्रेम त्या पोर्टवर सोडतो. पत्ता सापडला नाही, तर उरलेल्या सर्व पोर्टांवर सोडतो. हे सगळे आतली चिप करते. तुम्ही ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणता तसे काही त्यासाठी लागत नाही.

मोठ्या स्विचमध्येही फ्रेम पुढे पाठवण्याचे काम चिपच करते. का, ते हिशेबाने पाहा. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्या आधीचे ८ बाइट आणि दोन फ्रेममधले १२ बाइटचे अंतर धरले तर तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट लागतात. एक गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला अशा सुमारे १४.८८ लाख फ्रेम येऊ शकतात. ४८ पोर्ट भरून वाहत असतील तर ही संख्या ७.१४ कोटींच्या घरात जाते, आणि एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १४ नॅनोसेकंद येतात. स्विचमधल्या साध्या प्रोसेसरने प्रत्येक फ्रेम हातात घेऊन निर्णय द्यायचा म्हटले तर ते जमणार नाही. म्हणून फ्रेम चिपमधूनच जातात. याला डेटा प्लेन म्हणतात.

मग ऑपरेटिंग सिस्टिम काय करते? ती चिपमधले तक्ते भरते. स्पॅनिंग ट्रीचे निरोप ऐकून कोणते पोर्ट बंद ठेवायचे ते ठरवते, बीजीपी किंवा ओएसपीएफने मार्ग शिकते, तुमच्या आज्ञा स्वीकारते, पंखे आणि तापमान पाहते, आकडे मोजते. हे कंट्रोल प्लेन.

या विभागणीतून एक गोष्ट निघते, जी पुस्तकात क्वचित सांगितली जाते. ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली तरी चिप जुन्या तक्त्यांप्रमाणे फ्रेम पाठवत राहू शकते. हे ऐकायला चांगले वाटते, पण त्यात धोकाही आहे. समजा, अशा स्विचने स्पॅनिंग ट्रीचे निरोप पाठवणे थांबवले, पण फ्रेम पाठवणे थांबवले नाही. शेजारच्या स्विचने एक पोर्ट मुद्दाम बंद ठेवलेले आहे. मूळ स्पॅनिंग ट्रीच्या नियमाप्रमाणे तो शेजारी २० सेकंद वाट पाहतो, जुना निरोप बाद धरतो आणि काही वेळाने ते पोर्ट उघडतो. आता नेटवर्कमध्ये चक्र तयार झाले, आणि फ्रेम त्यात फिरत राहून सगळे नेटवर्क ठप्प करतात. म्हणून 'कोसळल्यावर काय उरते' हा प्रश्न केवळ शैक्षणिक नाही.

२. पारखीचे तीन निकष

पुढच्या प्रत्येक सिस्टिमला आपण तेच तीन प्रश्न विचारू.

पहिला : स्थिती कुठे आहे? कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर, कोणता मार्ग कुठून शिकला, कोणती व्हीलॅन कुठे, ही माहिती प्रत्येक प्रोसेसच्या पोटात विखुरलेली आहे, की एका जागी, सर्वांना वाचता येईल अशी आहे?

दुसरा : एक भाग पडला तर सोबत कोण पडते?

तिसरा : आत काय चालले आहे ते बाहेरच्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, पाहता येते का?

३. घरचे उदाहरण : सी-डॉट

हे प्रश्न इथरनेटवाल्यांच्या आधी टेलिफोनवाल्यांना पडले होते. टेलिफोन एक्स्चेंज हाही स्विचच. फक्त तो पॅकेटऐवजी कॉल जोडतो. ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारने सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, म्हणजे सी-डॉट, ही संस्था स्थापन केली आणि भारतीय हवामानात, भारतीय वीजपुरवठ्यावर चालेल असे डिजिटल एक्स्चेंज बनवण्याचे काम तिला दिले. १२८ पोर्टांचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय चालणे ही त्याची खास अट होती. पुढे याच रचनेतून ४०,००० लाइनपर्यंत जाणारे 'मॅक्स' एक्स्चेंज तयार झाले.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या एक्स्चेंजला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम होती. सीडॉस असे तिचे नाव. ती मोटोरोलाच्या ६८००० कुळातल्या प्रोसेसरवर चालत असे. कॉल हाताळणे, देखभाल, प्रशासन, डेटाबेस अशी सॉफ्टवेअरची स्वतंत्र अंगे होती आणि ती एकमेकांशी निरोपांनी बोलत. काम अनेक मॉड्यूलमध्ये वाटलेले होते, आणि नियंत्रण करणारे भाग जोडीने बसवलेले होते : एक काम करतो, दुसरा तयार राहतो. म्हणजे 'एक भाग पडला तर सोबत कोण पडते' हा प्रश्न आराखड्यातच विचारलेला होता. मोठ्या एक्स्चेंजमध्ये नोंदी ठेवणारे आणि माणसाशी बोलणारे मॉड्यूल वेगळे होते, आणि त्यावर युनिक्स होते. कॉल जोडणारे काम एका सिस्टिमवर आणि हिशेबाचे काम दुसऱ्या सिस्टिमवर, ही वाटणी आजही शिकण्यासारखी आहे.

जबलपूरला रिज रोडवर एकेकाळी दूरसंचार खात्याचे असलेले प्रशिक्षण केंद्र आहे. १९४२ पासून चालत आलेले हे केंद्र आज भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते. अशा केंद्रांतून खात्याची माणसे ही एक्स्चेंज चालवायला शिकली. पण तिसऱ्या निकषावर सी-डॉटची ही कामगिरी उणी पडते. ज्ञान खात्याच्या प्रशिक्षण पुस्तिकांत राहिले आणि सीडॉसचा स्रोत अभियांत्रिकीच्या वर्गात कधी आला नाही. देशात लिहिलेली, देशभर चाललेली स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम असूनही, आपल्या पदवीच्या पुस्तकांत तिचा धडा नाही. हे नुकसान साधे नाही. एका पिढीने केलेली रचना पुढच्या पिढीला वाचता आली नाही, तर पुढची पिढी तोच विषय परक्या कंपनीच्या आज्ञावलीपासून सुरू करते.

४. आयओएस : जुन्या निवडीची किंमत

ती आज्ञावली बहुतेकदा सिस्को कंपनीच्या आयओएसची असते. (फोनवरची त्याच नावाची सिस्टिम वेगळी.) सिस्को १९८४ मध्ये स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या राउटरमध्ये मेमरी थोडी आणि प्रोसेसर हळू होते. म्हणून मूळ आयओएसने दोन सोप्या निवडी केल्या. पहिली, सर्व प्रोसेससाठी मेमरी एकच. एकमेकींपासून संरक्षण नाही. दुसरी, शेड्यूलर सहकारी तत्त्वाचा. चालू प्रोसेस स्वतःहून प्रोसेसर सोडेपर्यंत दुसरीला वाट पाहावी लागते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात जे करू नये म्हणून शिकवतात, नेमके तेच.

त्या काळाच्या साधनांत ही निवड शहाणपणाची होती. प्रोसेस बदलण्याचा खर्च वाचला आणि यंत्र जलद चालले. पण किंमतही ठरलेली होती. एखाद्या गौण सेवेने चुकून दुसऱ्याच्या मेमरीत लिहिले, तर संपूर्ण यंत्र पुन्हा सुरू होते. स्थिती प्रत्येक भागाच्या पोटात असल्यामुळे सगळे शून्यातून शिकावे लागते. पहिल्या दोन्ही निकषांवर मूळ आयओएस कमी पडते.

कंपनीने पुढे आयओएस एक्सई आणली, जिच्या तळाशी लिनक्स आहे. पण तिच्या सुरुवातीच्या रचनेत जुने आयओएस लिनक्सवरची एक भली मोठी प्रोसेस म्हणूनच चालत होते. त्यामुळे जाहिरातीत 'लिनक्सवर आधारित' असे वाचले, की लगेच समाधान मानू नका. तळाशी काय आहे यापेक्षा वरची कामे कशी वाटली आहेत, हे विचारा.

आज्ञा लागू होण्याच्या पद्धतीवरही एक टीका करायला हवी. आयओएसमध्ये तुम्ही ओळ लिहून एंटर दाबता आणि ती त्याच क्षणी लागू होते. दूरवरच्या स्विचवर चुकीची ओळ लिहिली, तर तुमचीच जोडणी तुटते. १९९८ मध्ये आलेल्या ज्युनिपरच्या जुनोसने, जिचा पाया फ्रीबीएसडी आहे, बदलांचा मसुदा वेगळा ठेवला. मसुदा 'कमिट' केल्याशिवाय काही बदलत नाही. 'कमिट कन्फर्म्ड' वापरले आणि दहा मिनिटांत तुम्ही पुष्टी दिली नाही, तर यंत्र आपोआप जुन्या अवस्थेत परतते. तुम्ही डेटाबेसच्या पेपरात शिकता त्या व्यवहाराचीच ही कल्पना आहे.

५. आज्ञांचा खटला

आज्ञा सारख्या असल्या म्हणजे सिस्टिम सारखी असते का? या प्रश्नाचे उत्तर एका खटल्याने दिले. २००४ मध्ये स्थापन झालेल्या अरिस्टा कंपनीच्या ईओएस या सिस्टिमच्या आज्ञा आयओएसशी इतक्या जुळतात, की एक शिकलेला माणूस दुसरीवर सहज काम करतो. डिसेंबर २०१४ मध्ये सिस्कोने तिच्यावर खटला भरला. आज्ञावलीवरचा स्वामित्वहक्क हा त्यातला एक मुद्दा होता. डिसेंबर २०१६ मध्ये ज्युरीने या मुद्द्यावर अरिस्टाला जबाबदार धरले नाही. अशा आज्ञा या क्षेत्रात ओघानेच येतात, हा बचाव मान्य झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसातले वाद मिटवले, आणि अरिस्टाने ४० कोटी डॉलर दिले.

खटला आज्ञांच्या साम्यावर लढला गेला, पण आतली रचना पाहिली तर साम्य संपते. ईओएस लिनक्सवर चालते आणि तिच्या मध्यभागी सिसडीबी नावाचा स्थितीचा साठा आहे. प्रत्येक काम वेगळ्या प्रोसेसकडे असते, तिला एजंट म्हणतात. एजंट थेट एकमेकांशी बोलत नाहीत. ते आपली स्थिती सिसडीबीत लिहितात आणि हवी ती स्थिती तिथून मिळवतात. एक एजंट कोसळला, तर तो पुन्हा सुरू होतो, सिसडीबीतून आपली स्थिती वाचतो आणि काम पुढे नेतो. बाकीचे चालूच राहतात. पहिल्या दोन निकषांवर ही रचना उजवी आहे. तिची कमजोरीही तिथेच आहे, कारण सगळा भरवसा एका सिसडीबीवर येतो. आणि तिचा स्रोत तुम्हाला वाचायला मिळत नाही.

म्हणजे परीक्षेत एकाच आज्ञेला पूर्ण गुण देणाऱ्या दोन सिस्टिम आतून इतक्या वेगळ्या असू शकतात. तुमच्या प्रयोगशाळेत पॅकेट ट्रेसर वापरत असतील, तर हेही लक्षात ठेवा की त्यात खरे आयओएस चालत नाही. त्याच्यासारखी उत्तरे देणारी नक्कल चालते. आज्ञांच्या सरावाला ती चांगली आहे, पण ऑपरेटिंग सिस्टिम तिथे दिसत नाही.

६. सॉनिक : वाचता येणारा स्विच

तिसऱ्या निकषावर खरा फरक पडला तो मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुल्या केलेल्या सॉनिकने. २०२२ पासून हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे आहे. पाया डेबियन लिनक्सचा आहे. बीजीपी, एलएलडीपी, एसएनएमपी अशी कामे वेगवेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये चालतात, आणि सर्वांची स्थिती रेडिस या डेटाबेसमध्ये असते.

सुरुवातीचा प्रश्न आता सोडवता येतो : व्हीलॅनची ती ओळ कुठे जाते? सॉनिकमध्ये ती आधी कॉन्फिग-डीबीत लिहिली जाते. व्हीलॅन सांभाळणारी प्रोसेस ती वाचते, लिनक्स कर्नेलमध्ये हवा तो बदल करते आणि ॲप्लिकेशन-डीबीत नोंद करते. ऑर्केजंट नावाची प्रोसेस ती नोंद उचलते, चिपच्या भाषेच्या जवळ नेते आणि एसिक-डीबीत लिहिते. सिंकडी ही प्रोसेस तिथून वाचून एसएआय या ठरावीक इंटरफेसमधून चिपला सांगते. प्रत्येक टप्प्यावर तुम्ही रेडिस उघडून नोंद आपल्या डोळ्यांनी पाहू शकता. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला स्विच आजवर उपलब्ध नव्हता, असे माझे मत आहे.

पण कौतुक करताना तीन उणिवा नोंदवायला हव्यात.

पहिली, टप्पे अनेक आणि एकमेकांची वाट न पाहणारे आहेत. तुमची आज्ञा कॉन्फिग-डीबीत लिहिली गेली की प्रॉम्प्ट परत येतो. पुढे चिपने ती नाकारली, तर ते तुम्हाला प्रॉम्प्टवर कळत नाही. लॉगमध्ये शोधावे लागते. आज्ञा स्वीकारली गेली म्हणजे ती लागू झाली, असे इथे गृहीत धरता येत नाही.

दुसरी, कंटेनर वेगळे असले म्हणजे पडझड वेगळी राहते असे नाही. ऑर्केजंट ज्या कंटेनरमध्ये आहे तो पुन्हा सुरू झाला, की सिंकडीचा कंटेनरही त्यासोबत पुन्हा सुरू केला जातो. नेहमीच्या प्रकारे असे घडले तर चिप नव्याने सिद्ध करावी लागते आणि वाहतुकीत खंड पडतो. एलएलडीपीचा कंटेनर पडला तर मात्र असे होत नाही. आकृतीत सगळ्या चौकटी सारख्या दिसतात, पण कोणत्या चौकटीवर कोण अवलंबून आहे हे आकृती सांगत नाही. आकृतीवर विसंबून उत्तर लिहू नका.

तिसरी उणीव सर्वांत मोठी आहे, म्हणून ती वेगळी पाहू.

७. खुलेपणा कुठे संपतो?

एसएआय हा इंटरफेस खुला आहे. चिपला काय सांगायचे याची यादी सर्वांना वाचता येते. पण त्या यादीप्रमाणे चिपला प्रत्यक्ष चालवणारे सॉफ्टवेअर चिप बनवणारी कंपनी देते, आणि ते बहुधा बंद स्वरूपात, तयार बायनरी म्हणून येते. ब्रॉडकॉमच्या चिपवर सॉनिक चालवताना हेच होते. म्हणजे वरून खाली वाचत आलात की सिंकडीपाशी भिंत लागते.

या भिंतीमुळे काय होऊ शकते, याचे उदाहरण क्युम्युलस लिनक्सचे आहे. स्विच एका कंपनीचा घ्यायचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्याची टाकायची, हा विचार रुजवण्यात क्युम्युलस नेटवर्क्सचा मोठा वाटा होता. रिकाम्या स्विचवर हवी ती सिस्टिम बसवण्याची ओनी ही सोयही तिथलीच, आणि ती पुढे ओपन कॉम्प्युट प्रकल्पाला देण्यात आली. क्युम्युलस लिनक्स अनेक बनावटींच्या चिपवर चालत असे. २०२० मध्ये एनव्हिडियाने ही कंपनी विकत घेतली. त्यानंतरच्या पाचव्या मालिकेतल्या आवृत्त्या एनव्हिडियाच्या स्पेक्ट्रम चिपसाठीच आहेत. ब्रॉडकॉमच्या चिपचे स्विच घेऊन ठेवलेल्या ग्राहकाला पुढची आवृत्ती मिळणे थांबले. लिनक्स तेच आणि त्याचा स्रोत खुलाच. तरी चिपपर्यंत जाणारी वाट कोणाच्या हातात आहे, यावर सिस्टिमचे आयुष्य ठरले.

म्हणून 'स्वदेशी स्विच' किंवा 'खुली सिस्टिम' असे शब्द ऐकले की प्रश्न विचारा : कोणत्या थरापर्यंत? सी-डॉटने प्रोसेसर बाहेरून घेतला, पण त्यावरची सिस्टिम आणि स्विचची रचना आपली केली. आज खुल्या सिस्टिमवर आपला शिक्का मारणे सोपे आहे. चिप चालवणारा थर समजून घेणारे अभियंते तयार करणे अवघड आहे. ते आज्ञा पाठ करून तयार होणार नाहीत.

८. तुम्ही काय करू शकता?

महागडा स्विच लागत नाही. सॉनिकची आभासी आवृत्ती साध्या संगणकावर चालते. तिच्यात खरी चिप नसते, पण वरचे सगळे टप्पे दिसतात. संगणक जुना असेल, मेमरी कमी असेल, तर लिनक्सवर दोन-तीन नेटवर्क नेमस्पेस करा आणि त्यांत एफआरआर हा खुला राउटिंग संच चालवा. सॉनिकमध्ये बीजीपीचे काम तोच करतो.

स्वाध्याय

१. एफआरआरने शिकलेले मार्ग कर्नेलच्या तक्त्यात पाहा. प्रोसेसवर लक्ष ठेवणारा वॉचएफआरआर थांबवा. मग झेब्रा ही प्रोसेस 'किल उणे नऊ' देऊन मारा. पिंग चालू राहतो का? मार्ग तक्त्यात उरले का? का?

२. हाच प्रयोग बीजीपीडी मारून करा. उत्तर वेगळे आले, तर स्थिती कोणाकडे होती आणि ती कोणी पुसली, हे चार ओळींत लिहा.

३. सॉनिकच्या आभासी आवृत्तीत एक व्हीलॅन तयार करा आणि तिची नोंद तीनही डेटाबेसमध्ये शोधा. प्रत्येक ठिकाणी ती कोणत्या रूपात आहे, ते लिहून काढा.

४. तुमच्या महाविद्यालयातल्या व्यवस्थापित स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम आणि आवृत्ती कोणती, ते विचारून घ्या. वरचे तीन निकष तिला लावा. ज्या निकषाचे उत्तर कंपनीच्या कागदपत्रांत मिळत नाही, तिथे 'मिळत नाही' असेच लिहा. तीही त्या सिस्टिमविषयीची माहितीच आहे.